विहीर भरू द्यायची नाही

विहीर खणणाऱ्यांची टोळी निघाली तेव्हा, सगळे जिला तोफ म्हणत त्या म्हातारीची भांडीही मुकादमाने टेम्पोत चढवून ठेवली होती. ती तिने एकेक करून खाली उतरवली. तवा, पातेली, पाण्याचा हंडा आणि शेवटी सुनेचं गाठोडं. टोळीतले बाप्ये टेम्पोच्या कडेला पाय सोडून बसले होते. इतके दणकट हात, पण एकही पुढे आला नाही. कोणी विडी पेटवत होतं, कोणी आपल्याच पायाचं नख न्याहाळत होतं.

"वहिनी, नसता हट्ट धरू नका," मुकादम म्हणाला. "पलीकडच्या माळावर नवी विहीर धरलीय. हात कमी आहेत. इथे मागे राहून करणार काय?"

"पाणी उपसणार."

"कशासाठी?"

"भाऊजी, तुम्हाला ठाऊक नाही होय? सगळं ठाऊक आहे. म्हणून तर तोंड वळवून बोलताय."

मुकादम ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. टेम्पो धुरळा उडवत गेला आणि मळ्याच्या त्या कोपऱ्यात सासू, सून आणि अर्धवट खणलेली विहीर एवढंच उरलं.

तिला तोफ म्हणत ते तिच्या गळ्यामुळे. विहीर खणणाऱ्यांच्या टोळीत तिचं काम काठावरचं. दोर सोडलाय, बाजूला व्हा, सुरुंग लावलाय, वर या, हे सगळं ती ओरडायची आणि ते दोन शेतं ओलांडून ऐकू जायचं. नवऱ्याच्या वेळेपासून ओरडत आली होती. नवरा खोकल्याने गेला, बिछान्यात गेला. लेक मात्र या विहिरीत गेला, आणि तिची हाक पोचायच्या आत गेला.

त्याचं झालं असं. विहिरीचा वरचा भाग मुरमाचा, भुसभुशीत. कातळ लागून बांधकाम होईपर्यंत असली भिंत लाकडांनी तोलून धरावी लागते. चार जाड ओंडके ठोकून टेकू दिले होते. नेमकी तेव्हाच मळेवाल्याला नवी शेड उभी करायची घाई झाली. छपराला लाकूड कमी पडलं, तर पठ्ठ्याने टेकूच मागितले. दोन दिवस द्या, परत आणून टाकतो, म्हणाला. मुकादमाने जरा का-कू केली आणि मग दिले. ओंडके निघाले ते सगळ्या टोळीच्या डोळ्यांदेखत. दुसऱ्या दिवशी लेक खाली उतरला, घमेलं भरायला वाकला, आणि एक पुरी बाजू त्याच्या अंगावर आली. त्याला उकरून काढलं तेव्हा त्याच्या नाकातोंडात, मुठीत मुरूमच मुरूम होता. तोफेने तो आपल्या बोटाने काढला.

पोलीस आला तेव्हा ती लेकाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. आता या टोळ्यांची एक रीत असते. बाहेरच्या माणसाशी बोलायचं ते मुकादमाने, बाकीच्यांनी माना डोलवायच्या. गावाशी तंटा असो की रस्त्याची अडवणूक, एकच तोंड बोलतं, म्हणजे बोलण्यात फाटे फुटत नाहीत. पोलिसाने विचारलं, मुकादमाने सांगितलं, टोळीने मान डोलावली. तोफेनेही डोलावली. काय विचारलं आणि काय सांगितलं, यातलं तिच्या कानात काही शिरलं नव्हतं. आयुष्यभराची सवय, मान आपसूक हलली.

आपण कशाला मान डोलावली ते तिला पुढे चौकशीच्या ऑफिसात कळलं. कारकुनाने वाचून दाखवलं. टेकू होते. मयताने दम न धरता स्वतःच एक टेकू पाडला, म्हणून सगळे टेकू आणि भिंत खाली आली.

"असं कोण म्हणतं?" तोफ म्हणाली.

"सगळे. सगळ्यांनी कबूल केलंय. मयताच्या आईनेसुद्धा."

"मी?"

"तुम्हीच ना आई?"

 पोटच्या पोराला आपणच दोषी ठरवून बसलो. अंगाची लाही लाही झाली, पण कारकुनासमोर ती एवढंच म्हणाली, "खोटं आहे ते. टेकू नव्हतेच."

"मग साहेब जागेवर येतील तेव्हा त्यांना सांगा. अनैसर्गिक मृत्यू आहे, निकाल साहेबच देणार. तोवर विहिरीत कोणी उतरायचं नाही, काही हलवायचं नाही."

"कधी येतील?"

"येतील."

परतीच्या वाटेवर तिने चालता चालता सगळा हिशोब मांडला. टेकू भिंतीबरोबर पडले असतील, तर ते ढिगाऱ्याखालीच पाहिजेत. लेकाला काढलं तेवढाच ढीग उकरला गेला होता, बाकीचा तसाच पडून होता. त्याच्याखाली लाकूड निघालं तर मुकादम खरा. नाही निघालं तर तिचा लेक खरा. इतकं सोपं. पण उकरायचं कोणी? आपण उकरलं तर मळेवाला म्हणणार, लाकडं यांनीच गायब केली. उकरताना साहेब काठावर उभा पाहिजे. आणि साहेब येईपर्यंत विहीर भरता कामा नये, कारण कातळाच्या फटीतून झरा फुटला होता आणि वर ढग जमायला लागले होते. विहीर भरली की भिंती विरघळणार, सगळा लगदा होऊन तळाशी बसणार, आणि साहेब वरून डोकावून म्हणणार, काही दिसत नाही.

म्हणून टोळी गेल्यावर त्या दोघींनी कप्पीवर दोर चढवला. काठावर पोलिसांची पट्टी बांधलेली, तिला धक्का न लावता बाजूने पोहरा खाली सोडायचा. तळाशी ढिगाऱ्याच्या कडेला एक खळगा होता, पाणी तिथे साचायचं. पोहरा नेमका त्या खळग्यात पडला पाहिजे. पडला की हिसका देऊन आडवा करायचा, भरला की दोघींनी मागे मागे जात ओढायचा. काठावर आल्यावर सून तो धरायची आणि ओतायची. पुन्हा सोडायचा. सकाळभर हेच, दुपारी जरा पाठ टेकायची आणि ऊन उतरल्यावर परत तेच. झऱ्याला काही दमायला होत नव्हतं.

पहिल्या काही दिवसांत सुनेच्या तळहातांची सालं निघाली. तिने फडकी गुंडाळली. तोफेचे हात दोरासारखेच झालेले, त्यांना काही होत नव्हतं, पण कमरेत अशी उसण भरली की बसलं की उठवेना आणि उठलं की बसवेना.

मळेवाला रोज सकाळी बांधावर येऊन उभा राहायचा. आधी त्याच्या कपाळावर आठ्या होत्या. मग त्या गेल्या. दोघी पाणी ओतत होत्या त्या जागेच्या खालच्या अंगाला त्याचीच भाजी होती आणि पाणी उतारावरून थेट वाफ्यात जात होतं. भाजी कशी तरारून आली होती.

"भरा, भरा," तो एकदा हसत म्हणाला. "मोटरपेक्षा बऱ्या आहात. डिझेल लागत नाही."

सुनेने खाली मान घातली. तोफ त्या दिवशी दुपारी आडवी झालीच नाही. तिने फावडं घेतलं आणि काठापासून रस्त्याच्या नाल्यापर्यंत एक चारी खणायला घेतली. ऊन मी म्हणत होतं. सून उठून आली, काही न विचारता टिकाव घेऊन पुढून खणायला लागली. दुसऱ्या सकाळी मळेवाला आला तेव्हा पाणी त्याच्या भाजीला वळसा घालून खळखळत नाल्याला जात होतं.

"हा काय माज आहे?" तो म्हणाला. "पाणी वाया घालवताय?"

"वाया कुठे? तुमच्या वाफ्यात जात होतं तेव्हा वाया जात होतं."

"माझ्या जागेत राहून माझ्याशीच मस्ती?"

"जागा तुमची. विहीर सध्या चौकशीची आहे. पट्टी बघा. आम्हाला हाकलायचं तर साहेबाला लवकर घेऊन या, आम्हीही त्याचीच वाट बघतोय."

मळेवाल्याने संध्याकाळी शेडजवळच्या नळाला कुलूप लावलं. त्या शेडच्या छपराखाली चार ओंडके उभे होते, हिरवा रंग फासून. तोफेने ते येताजाता इतक्या वेळा बघितले होते की कुठल्यावर कुठे गाठ आहे ते तिला पाठ झालं होतं. पण लाकडाला तोंड नसतं, आणि मळेवाला म्हणे, ही वेगळी.

प्यायला पाणी विहिरीचंच उरलं. सून हंड्याजवळ बसून राहिली. तहानेने ओठ फुटले होते, पण पेला तोंडाशी जाईना.

"आत्याबाई, हे त्याच्या अंगावरचं पाणी आहे."

तोफेने फडकं चौपदरी केलं, पाणी गाळलं आणि आधी स्वतः घटाघटा प्यायली. मग पेला भरून सुनेपुढे धरला. "पाण्याने मारलं नाही त्याला. पी. अंगात ताकद नसेल तर उद्या पोहरा कोण ओढणार?"

सुनेने डोळे मिटून पेला रिकामा केला.

ऑफिसात जायचं ते पहाटे चालत निघून. त्या दिवशी सून एकटी उपसायची. चौकशीच्या ऑफिसात एक लांबलचक ओसरी होती आणि बाकावर नेहमीचीच माणसं. एकीची मुलगी सासरी जळून मेली होती आणि सासरचे स्टोव्हचा भडका म्हणत होते. एका म्हाताऱ्याचा भाऊ विजेच्या तुटलेल्या तारेवर पडून गेला होता. त्या भावाचं प्रकरण इतकं जुनं झालं होतं की ती तार बदलून झाली, तो खांबही काढला आणि तिथे आता एक दुकान उभं होतं. तरी म्हातारा यायचा, डबा घेऊन यायचा, नोकरीला यावं तसा.

"तुमच्या आधी पुष्कळ आहेत," कारकून म्हणायचा. "साहेब एकटे. जीप एक. आणि मरणारे काही आमच्यासाठी थांबत नाहीत."

"आमचं पाणी पण थांबत नाही."

"म्हणून तारीख दिलीय ना. जा आता."

तारखेच्या दिवशी दोघींनी उजाडायच्या आत तळ लख्ख केला. धुतलेले कपडे घातले. काठाभोवती झाडून घेतलं, साहेबाला बसायला एक घमेलं पालथं घालून पुसून ठेवलं. रात्री पाऊस पडून गेला होता आणि रस्त्याच्या वळणावर चिखल झाला होता. उन्हं वर आल्यावर जीप दिसली. वळणापर्यंत आली. उभी राहिली. हॉर्न वाजला. सून धावत सुटली, हात हलवत, चिखलात पाय रुतवत. ती पोचते न पोचते तोच जीप मागे सरली, वळली आणि गेली. चाकांचा चिखल सुनेच्या धुतलेल्या कपड्यांवर, केसांवर, तोंडात.

दुसऱ्या दिवशी कारकून म्हणाला, "रस्ता नव्हता, असा शेरा आहे. पुढची तारीख पावसाळ्यानंतर."

"तोवर विहीर भरेल."

"मग आटल्यावर."

तोफ परत आली आणि तिने हे सुनेला सांगितलं. सून पोहरा ओढत होती. तिने तो ओढून काठावर घेतला, ओतला, आणि मग दोर हातातून टाकून दिला. आभाळ गच्च भरलं होतं. दोघींच्या अंगातून चिखलाचा, घामाचा वास येत होता आणि चूल दोन दिवस नीट पेटली नव्हती.

"माणूस किती ओढणार?" सून म्हणाली. "किती? माझे दंड बघा. रात्री कूस बदलता येत नाही मला."

तोफ खाली बसली. कंबर ठणकली. "तू जा," ती म्हणाली. "भाऊ न्यायला येतो म्हणालाय ना. तुझं वय आहे. मी मनात काही धरणार नाही. खरंच सांगते."

सुनेने तिच्याकडे असं बघितलं की तोफेलाही जरा भीती वाटली.

"जाते म्हणाले का मी? दमले म्हणाले. दमले असं म्हणायचीपण चोरी?"

"नाही ग बाई."

"तुमचा लेक होता, माझा कोणीच नव्हता का? उद्या माझ्या पोटी जे येईल त्याला लोक सांगणार, तुझा बाप स्वतःच्या हाताने मेला. ते ऐकून घेऊ मी?"

तोफ तोंडाचा आ करून बघत राहिली. पोटाचं तिला ठाऊक नव्हतं. अशा दिवसांत ही बाई पोहरे ओढत होती.

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर ओढू दिलं असतंत?"

तोफ कमरेवर हात ठेवून उठली. तिने दोर उचलला. सुनेला तिने फक्त ओतायला ठेवलं आणि त्या दिवसापासून ओढायचं काम एकटीने केलं. कमरेला फडकं करकचून बांधायचं आणि ओढायचं. पाऊस लागला की झऱ्याचं पाणी आणि वरचं पाणी मिळून तळ पिंढरीएवढा भरे, आणि उघडीप मिळाली की दोघी मिळून तो पुन्हा उघडा पाडत. एका बाजूने मुरूम थोडा थोडा घसरत होता. आणखी एक जोराची सर आली असती तर सगळंच बसलं असतं. हे तिला दिसत होतं.

मग एके दिवशी ती ऑफिसात गेली आणि कारकुनाकडे फिरकलीच नाही. आवारात जीप उभी होती. ड्रायव्हर पुढची काच पुसत होता, मागचं दार उघडं होतं. तोफ चढली आणि सीटवर ऐसपैस बसली.

"अहो आजी, हे काय?" ड्रायव्हर म्हणाला. "उतरा. सरकारी गाडी आहे."

"म्हणूनच बसले. माझं काम सरकारीच आहे."

ड्रायव्हरला हसू आवरेना. ओसरीवरची माणसं उठून बघायला आली. तारेवाल्या भावाचा म्हातारा सगळ्यांत पुढे. "उतरू नकोस," तो म्हणाला. "आपल्याला हे सुचलं कसं नाही इतके दिवस?"

साहेब आला. किरकोळ अंगाचा माणूस, काखेत फायलींचा गठ्ठा, हातात डबा, आणि डोळे असे की झोप कित्येक महिन्यांची बाकी असावी. चिडायलासुद्धा त्याच्यात त्राण नव्हतं.

"बाई, आज मला दुसरीकडे जायचंय. तिथेही माणूस मेलाय."

"मग आधी तिथे जाऊ. मी गाडीतच बसते. तिथून माझ्याकडे."

"असं नाही चालत."

"मागच्या वेळी तुम्ही वळणावरून परत गेलात, ते चाललं?"

साहेबाने ड्रायव्हरकडे बघितलं. ड्रायव्हर काच पुसण्यात गर्क झाला. साहेब पुढे बसला आणि म्हणाला, "चला."

ती खरोखरच त्याच्याबरोबर आधी दुसऱ्या ठिकाणी गेली. कुठल्याशा तळ्याकाठी एका बुडालेल्या माणसाची चौकशी होती. ती गाडीत बसून राहिली आणि साहेब एकटाच चिखलातून हिंडताना, विचारताना, लिहिताना बघत राहिली. माणूस वाईट नव्हता. एकट्याच्या उरावर एवढी मेलेली माणसं ठेवली होती. पण त्यांच्यात तिचा लेकही होता, आणि त्याला ती मागे राहू देणार नव्हती.

मळ्याच्या वळणावर ड्रायव्हरने जीप थांबवली. "इथून पुढे गाडी जात नाही."

"गाडीला कोण बोलावतंय? साहेबांना पाय आहेत."

साहेबाने बूट काढले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तिच्या मागे चालू लागला.

जीप दिसल्यावर मळेवाला आला. पलीकडच्या माळावरून मुकादम आणि टोळीही आली. साहेबाने काठावर उभं राहून खाली डोकावलं.

"या दिवसांत तळ उघडा कसा?"

"उपसतोय," सून म्हणाली.

साहेब तिच्या हातांवरच्या फडक्यांकडे जरा वेळ बघत राहिला. मग त्याने फाईल उघडली आणि मुकादमाला विचारलं, "टेकू होते?"

मुकादमाने मळेवाल्याकडे बघितलं. "होते, साहेब. पोराने घाई केली."

टोळीच्या माना हलायला लागल्या.

"माना थांबवा," तोफ गरजली, आणि खरंच सगळ्या माना जागच्या जागी थांबल्या. "त्या दिवशी मीही डोलावली होती. लेक मांडीवर होता, काय चाललंय याची शुद्ध नव्हती. आज आहे. साहेब, टेकू नव्हते. ते त्या शेडला लागलेत. होते म्हणत असतील तर या ढिगाऱ्याखाली असतील. काढा ढिगारा. निघू दे लाकूड."

साहेबाने मान हलवली. "बरोबर आहे तुमचं. पण त्याला माणसं लागतील, वरून आदेश घ्यावा लागेल. मी व्यवस्था करतो. पुढच्या तारखेला..."

तोफेने पुढचं ऐकलंच नाही. तिने पट्टी वर उचलली, खालून वाकून गेली, टोळीतल्या एकाच्या खांद्यावरची दोराची शिडी ओढून घेतली, खुंटीला अडकवली आणि उतरायला लागली.

"बाई, खाली बंदी आहे," साहेब ओरडला. "भिंत येईल अंगावर."

"आली तर पंचनामा करायला तुम्ही आहातच."

तळाशी पोचल्यावर तिने वर बघितलं. आभाळाचा एक गोल तुकडा आणि त्याच्या कडेने डोकीच डोकी. तिचा लेक रोज हेच बघत असणार. तिने फावडं आणि घमेलं दोराने खाली मागवलं आणि घमेलं भरलं. भरलेलं घमेलं दोराला अडकवून ती ओरडली, "ओढा."

दोर कोणी धरेना. सून पुढे झाली, पण तिच्या हातातून दोर उंटाने घेतला. उंट म्हणजे टोळीतला सगळ्यांत उंच गडी, मुकादमाच्या शब्दाबाहेर कधी न गेलेला. "तू बस," तो सुनेला म्हणाला आणि त्याने घमेलं वर ओढलं. मुकादमाने त्याच्याकडे डोळे वटारून बघितलं. उंटाने दुसरं घमेलं ओढलं. मग टोळीतला आणखी एक जण शिडीवरून खाली उतरला, मग आणखी एक. खाली फावडी चालायला लागली.  साहेब पालथ्या घमेल्यावर बसून होता आणि वर येणारं प्रत्येक घमेलं समोर उलटं करून बघत होता.

मुरूम निघाला, गाळ निघाला, दगड निघाले. लेक ज्यात माती भरत होता ते घमेलं निघालं, पार चेपलेलं. तोफेने ते छातीशी धरलं. तिला हुंदका आला आणि तिने तो येऊ दिला, मग घमेलं वर पाठवलं आणि पुन्हा फावडं घेतलं. शेवटी कातळ लागला, काळा, धुतल्यासारखा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. लाकडाची एक ढलपीसुद्धा नव्हती.

"या बायांनी आधीच काढून विकली असतील," मळेवाला म्हणाला.

"चार ओंडके?" साहेबाने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट रोखून बघितलं. "ढिगाऱ्याखालून? पट्टी न तोडता?"

"शेडला लागलेत ते, साहेब," उंट म्हणाला. मुकादमाला न विचारता तो आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसाशी बोलत होता, त्यामुळे त्याचा आवाज चिरकला. "मीच वाहिलेत. आदल्या दिवशी. सगळ्यांनी वाहिलेत."

मुकादम विडी शोधत खिसे चाचपायला लागला. त्याला ती सापडली नाही.

"ठीक आहे," साहेब फाईल मिटत म्हणाला. "माझी खात्री पटली. उद्या ऑफिसात बसून सविस्तर लिहितो. वर या आता सगळे."

टोळीतले दोघे वर गेले. तोफ गेली नाही. ती कातळावर बसली.

"आत्याबाई, या ना वर," सून म्हणाली.

"साहेबांनी लिहिलं की येते."

"बाई, उद्या लिहितो म्हणालो ना मी."

"मग मी उद्या येईन."

दिवसभर कोणी पाणी उपसलं नव्हतं आणि ढिगारा हटल्याने झरा मोकळा झाला होता. पाणी तिच्या घोट्यांवर आलं होतं. ती बसली होती त्यामुळे बघता बघता मांड्या भिजल्या. पाणी गार होतं, बर्फासारखं. थेंब पडायला लागले. मुरमाचा एक लपका भिंतीवरून सुटला आणि तिच्या बाजूला पाण्यात पडला.

"तिला ओढून काढा," मळेवाला म्हणाला. कोणी हललं नाही.

"बाई, ऐका माझं," साहेब काठावर ओणवा होऊन म्हणाला. त्याच्या आवाजात आता खरी भीती होती. "मी शब्द देतो."

"तुमच्या शब्दावर ओसरीत माणसं म्हातारी झालीत. एकाचा खांबसुद्धा उरला नाही. लिहा, साहेब. काय बघितलं तेवढंच लिहा. मी कुठे जात नाही."

साहेबाने एकदा वर आभाळाकडे बघितलं. मग मागे सरून घमेल्यावर बसला, फाईल गुडघ्यावर घेतली आणि लिहायला लागला. ड्रायव्हरने त्याच्या डोक्यावर छत्री धरली. पाणी तोफेच्या कमरेला लागलं तेव्हा त्याने सही केली, उंटाचा अंगठा घेतला, टोळीतल्या प्रत्येकाचा घेतला. मुकादमाचा सर्वांत शेवटी.

"लिहिलं," तो म्हणाला. "या."

"वाचा."

त्याने वाचलं. ऑफिसात वाचतात तसं, खालच्या पट्टीत, भराभर.

"ऐकू येत नाही. खोल आहे इथे."

साहेबाने घसा साफ केला आणि मोठ्याने वाचलं. विहिरीला टेकू नव्हते. टेकू आदल्या दिवशी काढून नेले होते. मयताची चूक नाही.

"अजून मोठ्याने."

"एवढंही ऐकू नाही आलं?"

"मला आलं. मळ्याच्या टोकापर्यंत जायला पाहिजे."

साहेब उभा राहिला. पाऊस आता चांगलाच लागला होता. त्याने कागद छत्रीखाली दोन्ही हातांनी धरला आणि छाती भरून घेऊन, गळ्याच्या शिरा ताणून, पुन्हा पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. ते पुरं झालं तेव्हाच तोफेने शिडीला हात लावला.